‘मुलींची बाजी’ मोजताना कोणत्या मुली मोजल्या?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या अंकात ‘यंदाही मुलींचीच बाजी’ हा मथळा ठरलेला. २०२५ मध्ये राज्यात मुलींचा निकाल ९६.१४ टक्के लागला, मुलांचा ९२.३१. आकडे खरे, पोरींचं यशही खरं. पण ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्या मुलींची आहे. जिचं नाव हॉलतिकिटापर्यंत पोचलंच नाही ती पास नाही आणि नापासही नाही, ती हिशेबातच नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या दुष्काळी व डोंगरी तालुक्यांत शाळांचं काम जवळून माहीत असणाऱ्या आम्हा काही जणांना या सुटलेल्या हिशेबाबद्दल लिहायचं आहे.

मुलींनी शिकावं की नाही, हा वाद आता कुणी उघडपणे घालत नाही. खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या स्त्रियांची साक्षरता ८.८६ टक्के होती, २०११ मध्ये ती ६४.६ झाली. प्रश्न आता साक्षरतेच्या पुढचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात किमान दहा वर्षं शाळा शिकलेल्या स्त्रिया ५०.४ टक्के आहेत, म्हणजे जवळपास निम्म्याच. याच सर्वेक्षणात शाळेत न गेलेल्या बाईला देशात सरासरी २.८ मुलं आणि बारा वर्षं किंवा जास्त शिकलेलीला १.८, हा फरक नोंदलेला आहे. बाळाचं वजन, लसीकरण, घरातल्या पैशावर बाईचा शब्द चालणं, या सगळ्याचं नातं नुसतं सही करता येण्याशी नाही, शाळेत काढलेल्या वर्षांशी आहे. म्हणून मुलगी शाळेत घातली का, यापेक्षा ती किती वर्षं टिकली हे महत्त्वाचं.

ते मोजायला सर्वेक्षणाची गरज नाही. २०२५ ला दहावी दिलेली तुकडी साधारण २०१५ च्या जूनमध्ये पहिलीत आली. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असतं. त्या जूनची पानं काढायची, मुलींची नावं कागदावर उतरवायची आणि प्रत्येकीपुढे ती आज कुठे आहे ते लिहायचं. लहान गावात निम्मी माहिती अंगणवाडीताईच सांगतात. यादी भरली की काही मुली दहावीपर्यंत गेलेल्या दिसतात, काही दाखला घेऊन दुसऱ्या गावी गेलेल्या आणि तिथे खरोखर शिकत असलेल्या. उरतात त्या दोन प्रकारच्या. एक, जिचा दाखला काढून नेला पण पुढे कुठल्याच शाळेत नाव नाही. दुसरी, जिचा दाखलाही नेलेला नाही, नाव पटावर आहे आणि मुलगी मळ्यात.

पहिल्या प्रकारात दाखल्यावरच्या ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात बहुतेक वेळा ‘पुढील शिक्षणासाठी’ असं लिहिलेलं असतं. कारण दुसरं काही लिहिलं तर प्रश्न विचारले जातात. ऑनलाइन नोंदीत मात्र ही मुलगी सापडते. जुन्या शाळेने यू-डायस प्लसवर (शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत) तिला सोडलं आणि नव्या शाळेने घेतलंच नाही, तर तिचं नाव ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये पडून राहतं. हे काम डाटा एन्ट्रीचं ‘पेंडिंग’ समजून पुढे ढकललं जातं. खरं तर जुलैअखेर केंद्रप्रमुखांनी (शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्यांनी) ड्रॉप बॉक्समधल्या मुलींची नावं गाववार काढून पोलिसपाटील, आशाताई आणि ग्रामसेवकांच्या हाती दिली, तर सप्टेंबर उजाडायच्या आत निम्म्या मुलींचा पत्ता लागतो. दुसऱ्या प्रकारात अडचण वेगळी आहे. पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरवताना, शिक्षकाचं पद जातं, म्हणून गैरहजर मुलीचं नाव कमी करायला कुणी धजत नाही. मुख्याध्यापकाला दोष देऊन उपयोग नाही, नियमच तसा आहे. पण सलग महिनाभर गैरहजर असलेल्या मुलींची वेगळी वही ठेवायला कोणताही नियम आड येत नाही.

आता मुली नेमक्या केव्हा गळतात ते पाहू. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत. तिथे शाळा बदलते, गाव बदलतं, पाच-सात किलोमीटरचा रस्ता मध्ये येतो. जतच्या पूर्वभागात आणखी एक अडथळा असतो: सातवीपर्यंत कन्नड माध्यमातून शिकलेल्या मुलीला जवळचं हायस्कूल मराठीचं मिळतं. खानापूर-आटपाडीकडे गलाई व्यवसायासाठी (सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी) परराज्यात राहणारी कुटुंबं परत आली की मुलीचा दाखला तिथल्या भाषेत असतो, त्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी नसते, आणि इथली शाळा ‘ते आणा, मग बघू’ म्हणते. तो कागद आणायला बाप पुन्हा हजार किलोमीटर जात नाही, मुलगी घरी राहते. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे चौदा वर्षांपर्यंतच्या मुलीला वयानुरूप वर्गात लगेच बसवून घ्यायचं असतं. दाखल्याला उशीर झाला म्हणून किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कागद मागाहून येऊ शकतो. पालकांनी अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी नकार देणारे लेखी नकार सहसा देत नाहीत.

पण सगळ्यात मोठी खिंड आठवीनंतरची आहे. आठवीपर्यंत शिक्षणहक्क कायदा आहे, शालेय पोषण आहार आहे, मोफत पाठ्यपुस्तकं आहेत, गणवेश आहे. आठवी सुटली त्या जूनमध्ये हे चारही एकदम संपतात. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दिवसाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनांचं जेवण ठरवलेलं आहे. नववीतल्या मुलीची भूक त्याहून कमी असते असं कुणी ठरवलं कोण जाणे! महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत आहे हे खरं, पण ते फीपुरतं. वह्या, पुस्तकं, गाईड, गणवेश, प्रॅक्टिकलचं सामान, सगळं विकत. त्याच वर्षी मुलगी चौदा-पंधराची होते, म्हणजे मजुरीला उपयोगी आणि सोयरिकीच्या बोलण्यात येणारी. घरचा हिशेब त्या एका जूनमध्ये उलटा होतो. धाकट्या भावासाठी तो खर्च निघतो, हेही इथेच सांगून टाकतो.

याला उपाय आहेत, आणि त्यातले बरेचसे गावाच्या हातातले आहेत.

पहिला एसटीचा. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे. पास शाळेतच द्यावेत असंही ठरलेलं आहे. अडतं ते गाडीच्या वेळेवर. शाळा पाचला सुटते आणि शेवटची गाडी पावणेपाचला गेलेली असते. किंवा शनिवारी सकाळची शाळा साडेअकराला सुटते आणि पहिली परतीची गाडी दोनची. मुलगी स्टँडवर अडीच तास बसलेली कुणीतरी पाहतं, घरी सांगतं, आणि शाळा बंद. जादा तासाच्या दिवशी तर पासचा कागद हातात धरून चालत जायचं. आगाराकडे दिलेले बहुतेक अर्ज ‘आमच्या गावाला गाडी सोडावी ही विनंती’ एवढेच असतात. त्यावर ‘भारमान नाही’, म्हणजे पुरेसे प्रवासी नाहीत, हे उत्तर तयार असतं. अर्ज असा हवा: हायस्कूलच्या लेटरहेडवर तक्ता, त्यात गाव आणि वस्ती, त्या थांब्यावर चढणाऱ्या मुलींची व मुलांची संख्या, शाळा भरण्याची व सुटण्याची वेळ, शनिवारची वेळ वेगळी, जादा तासांचे दिवस, सहामाही व वार्षिक परीक्षेच्या तारखा. त्याच मार्गावरच्या दोन-तीन ग्रामपंचायतींचे ठराव सोबत. अर्ज आगार व्यवस्थापकांना, प्रत विभाग नियंत्रकांना, आणि हे सगळं एप्रिलमध्ये, कारण जूनच्या फेऱ्या तेव्हाच ठरतात. जुलैत दिलेला अर्ज म्हणजे पुढच्या वर्षीचा अर्ज. बऱ्याचदा नवी गाडी लागतही नाही, आहे तीच वीस मिनिटं मागे सरकवली की काम होतं, आणि आगारालाही ते जड जात नाही. मुक्कामी गाडी मागायची तर चालक-वाहकांना झोपायला खोली, पाणी आणि संडास ग्रामपंचायतीने द्यायला हवा. ती सोय मोडली की मुक्काम बंद होतो आणि सकाळच्या शाळेची गाडी जाते, हे अनेक गावांच्या लक्षातच येत नाही.

जिथे रस्ताच नाही तिथली गोष्ट वेगळी. कोयनेच्या जलाशयाकाठच्या जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवून आणि मग जंगलातून चालत शाळेला जातात, याची मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ च्या जानेवारीत स्वतःहून दखल घेतली. अशा वाड्यांना गाडी कितीही मागितली तरी उपयोग नाही, तिथे वसतिगृहच हवं. सातारा जिल्ह्याला हे कुणी शिकवायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला ती साताऱ्यात आणली, आणि आधी बोर्डिंग मग शाळा असाच क्रम धरला. घरोघरच्या मूठमूठ धान्यावर, मुष्टिफंडावर, ती पोरं जेवली. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरी भागात घरचा कर्ता मुंबईला माथाडी आणि मुलगी आजीजवळ, अशी घरं पुष्कळ. तिथल्या नववी ते बारावीच्या मुलींना तालुक्याच्या गावी वीस-पंचवीस खाटांची, रात्री मुक्कामाला राहणाऱ्या बाई गृहपाल असलेली जागा मिळाली तर आजीचा जीव भांड्यात पडतो. आई-आजीला एक रात्र तिथे राहून बघू दिलं की पुढचं पटवणं लागत नाही.

दुसरा विषय बोलायला अवघड, पण रोजचा. स्वच्छ विद्यालयाच्या निकषाप्रमाणे ४० मुलींमागे एक शौचालय आणि तीन मुताऱ्या हव्यात. कागदावर बहुतेक शाळांत त्या आहेत, फोटोसहित आहेत. बघायचं ते आतून कडी लागते का, आणि दुपारी दोनला नळाला पाणी असतं का. साधा हिशेब करा. ८० मुली दिवसात एकदा गेल्या आणि एकीला हातपाय धुण्यासकट चार लिटर पाणी लागलं, तर ३२० लिटर झालं. पाचशे लिटरच्या टाकीतून पोषण आहाराची भांडीही धुतली जात असतील तर मधल्या सुट्टीनंतर टाकी कोरडी. मग मुली सकाळपासून पाणी पिणंच सोडतात, लघवीची जळजळ घेऊन घरी बसतात, आणि हजेरीपटावर ‘आजारी’ एवढंच उरतं. मुलींच्या बाजूला वेगळी टाकी, बाहेरून आत दिसणार नाही अशी भिंत, आत एक खिळा आणि एक फळी, कारण पॅड बदलताना दप्तर ठेवायचं कुठे हा खरा प्रश्न असतो. शिवाय झाकणाची बादली आणि ती कोण रिकामी करणार याचं नाव ठरलेलं. पॅड जाळायची यंत्रं कितीतरी शाळांत बसवली. वीजबिल थकून जोडणी तुटली की त्यांचं कपाट होतं. त्यापेक्षा आवाराच्या कोपऱ्यात झाकणाचा खोल खड्डा बरा. पॅडचा साठा कपाटात कुलूपबंद आणि किल्ली सरांच्या खिशात असेल तर मुलगी मागत नाही. किल्ली बाईंकडे, बाई नसतील तर वर्गातल्याच दोघींकडे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. मार्च आला की ते भांडी-खुर्च्यांवर उडवण्यापेक्षा टाकी आणि नळजोडावर घाला, असा ठराव महिला ग्रामसभेला मांडता येतो.

रक्तवाढीच्या निळ्या गोळ्यांचं थोडक्यात. दहा ते एकोणीस वयासाठी ती आठवड्याला एक असते, ६० मिलिग्रॅम लोहाची, आणि सहा महिन्यांतून एकदा जंताची गोळी. उपाशीपोटी घेतली तर मळमळतं आणि ‘गोळीने त्रास झाला’ म्हणून गावभर होतं. म्हणून जेवणानंतर, सर्वांसमोर, आणि लगेच चहा नाही. नववी-दहावीला शाळेत जेवण नसल्याने गोळी नेमकी तिथेच बंद पडते. त्या वर्गांना डबा खाल्ल्यावर द्यावी, इतकंच करायचं आहे.

आता हंगाम. तासगाव, कवठेमहांकाळ पट्ट्यात बेदाणा शेडचं काम फेब्रुवारी ते एप्रिल जोरात. रॅकवर द्राक्षं दोनेक आठवड्यांत वाळतात, मग झाडणी आणि निवडणी, आणि निवडणीला बोटं चपळ लागतात म्हणून पोरींना मागणी. दहावीची परीक्षा आणि नववीची वार्षिक याच दिवसांत. वाई-महाबळेश्वरकडे स्ट्रॉबेरीची तोडणी दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. माण-खटाव, जत-आटपाडीहून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आणि मेंढरं घेऊन बाहेर पडणारे धनगर दिवाळीच्या आसपास घर सोडतात आणि दुसरं सत्र पूर्ण बुडतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्याचा अर्धा. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) कोयत्यावर ठरते, आणि सोळाव्या वर्षी लग्न का होतं याचं एक उत्तर त्या हिशेबात आहे.

यावर हंगामी वसतिगृहाची योजना आहे. गावातच, घरी राहिलेल्या आजी-आजोबांच्या किंवा नातेवाइकांच्या सोबतीने मुलांना ठेवून घ्यायचं आणि जेवणाचा खर्च शासनाने करायचा. ती फसते दोन कारणांनी. प्रस्ताव वेळेवर जात नाही: कुटुंबं ऑक्टोबरअखेर ट्रकमध्ये चढतात आणि मंजुरी डिसेंबरात येते, तोवर मुलगी फडावर पोचलेली असते. आणि ही सोयही आठवीपर्यंतच. म्हणून स्थलांतर करणाऱ्या घरांची यादी गणपतीच्या सुमारास तयार हवी. मुकादम उचल वाटायला येतो तेव्हा कोण जाणार हे गावाला ठाऊक असतंच. ज्या मुली सोबत गेल्याच त्यांना निघतानाच शिक्षण हमी कार्ड द्यावं, म्हणजे कारखान्याजवळची शाळा दाखल्याशिवाय बसवून घेते. पुष्कळदा कार्ड छापलेलं असतं, पण गठ्ठा शाळेच्या कपाटात.

पैशांच्या योजनांवर फार लिहीत नाही, कारण जाहिराती पुरेशा आहेत. पण एक कामाची आहे आणि खेड्यात ती कमी वापरली जाते: आठवीतली एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा. सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे नेमक्या त्या खिंडीत. बौद्धिक क्षमतेचे ९० आणि शालेय विषयांचे ९० गुण, परीक्षा साधारण डिसेंबरात. सातवीला ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५०. म्हणून तयारी सातवीच्या उन्हाळ्यापासून धरावी. निवड झालेल्या मुलींचे पैसे बुडतात ते नूतनीकरण राहिल्याने. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दरवर्षी अर्ज पुन्हा भरावा लागतो, त्याची एक पडताळणी शाळेच्या पातळीवर आणि दुसरी जिल्ह्याच्या पातळीवर होते. मुलगी हायस्कूल बदलून गेली की नव्या शाळेच्या लिपिकाला ती शिष्यवृत्तीधारक आहे हेच माहीत नसतं. निवडपत्राची झेरॉक्स दाखल्याला टाचून द्यावी.

दुसरं, बँक खातं आधारला ‘लिंक’ असणं पुरत नाही, रक्कम यायला ते ‘सीडिंग’ झालेलं लागतं (सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी बँकेने केलेली नोंद), आणि पैसे सगळ्यात शेवटी ज्या खात्याचं सीडिंग झालं तिथेच जातात. मग पालक जुन्या पासबुकावर नोंदी शोधत बसतात. नावाचं स्पेलिंग जनरल रजिस्टर, आधार आणि बँक यांत एकसारखं हवं. सातारा जिल्हा परिषदेने २०११ मध्ये ‘नकोशी’ नाव असलेल्या २८५ मुलींचं नामकरण केलं, ते फार चांगलं काम होतं. अशा प्रत्येक नावबदलाला पाठोपाठ आधार, रेशनकार्ड आणि खातं बदलावं लागतं, आणि तेही दहावीचं आवेदनपत्र भरायच्या आत. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर जुनं नाव छापून आलं की दुरुस्तीचे हेलपाटे सुरू.

लेक लाडकी योजनेबद्दल एकच म्हणणं. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळ्या-केशरी कार्डाच्या घरातल्या मुलींना जन्मताच ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठराव्या वर्षी ७५,०००. सहावी ते अकरावीच्या मध्ये, जिथे मुली गळतात, तिथे एक पैसा नाही. या योजनेची पहिली मुलगी अकरावीत जाईल तेव्हा २०३९ उजाडलेलं असेल. एकूण रक्कम तीच ठेवून नववीच्या प्रवेशाला एक हप्ता टाकावा, ही मागणी आमदारांनी लावून धरायला हरकत नाही. पहिली ते चौथीच्या मागास, दारिद्र्यरेषेखालील मुलींना १९९२ पासून मिळणारा दिवसाला एक रुपयाचा उपस्थिती भत्ता तर आता चॉकलेटच्याही कामाचा नाही.

लग्नाबद्दल. मुलगी अठराच्या आत असेल तर ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवकच, आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कुणीही, नाव न सांगता कळवू शकतं. वयाचा पुरावा शाळेच्या रजिस्टरात असतो, त्यामुळे निर्गम उतारा (त्या नोंदीची नक्कल) मागायला आलेल्या ग्रामसेवकाला मुख्याध्यापकाने अर्ज-टपाल न मागता तो तासाभरात द्यावा. लग्न ऐन दिवशी थांबवलं की सगळ्यांची अब्रू जाते आणि पोरीचे हाल होतात. म्हणून बस्त्याच्या आधी, पाहुणे येऊन गेल्याचं कानावर येताच सरपंच आणि आशाताईंनी घरी जाणं बरं. तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस आणि अक्षय्य तृतीयेचा आठवडा, तेव्हा लक्ष ठेवावं. आणि ज्या मुलीचं लग्न होऊन गेलं तिचं काय? तिचं नाव पटावरून काढायचा कुठलाही नियम नाही. मंगळसूत्र घालून वर्गात बसलेल्या मुलीमुळे ‘इतर मुलींवर परिणाम होतो’ असं म्हणणारे शिक्षक आहेत. त्यांनी कृपया परिणाम दहावीच्या निकालात मोजावा. असं लग्न रद्द करून घ्यायचा अर्ज ती सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत करू शकते, हेही तिला कुणीतरी सांगायला हवं.

नापास झालेल्या मुलींना आपण फार लवकर सोडून देतो. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने अकरावीला बसता येतं आणि जून-जुलैची पुरवणी परीक्षा असते. निकालानंतरच्या आठवड्यात फॉर्म भरला नाही तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलेल्या मुलीचं स्थळ बघायला सुरुवात होते. तो आठवडा सुट्टीचा असल्याने शाळेत कुणी नसतं. निकालाच्या दिवशीच नापास मुलींची यादी, फोन नंबर आणि पुरवणीची तारीख फळ्यावर लावायला एक शिक्षक थांबला तरी पुरे. मधेच शाळा सुटलेल्यांसाठी बाहेरून परीक्षा द्यायचा १७ नंबरचा फॉर्म आहे. त्याला मूळ दाखला लागतो, तो हरवला असेल तर द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र.

पास झालेल्यांना २०२५-२६ पासून राज्यभर अकरावी ऑनलाइन. दहा कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम देता येतो. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि तिथे प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. नेट कॅफेवाला नावाजलेलं कॉलेज वर टाकून देतो, ते निघतं चाळीस किलोमीटरवर, सकाळी सातच्या वर्गाचं. पसंतीक्रम भरताना एसटीचं वेळापत्रक शेजारी ठेवावं. सायन्सला जाणाऱ्या राखीव प्रवर्गातल्या मुलींनी जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच करावा, बारावीच्या सीईटीनंतर धावाधाव करून काम होत नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे, पण ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या जागेवर. व्यवस्थापन कोट्याला नाही, आणि खोली-मेसच्या खर्चाला नाही. प्रवेशाच्या खिडकीवर ‘आधी पूर्ण फी भरा, माफी आली की परत देऊ’ असं सांगितलं गेलं तर ते लेखी मागावं आणि तंत्रशिक्षण किंवा उच्चशिक्षण सहसंचालकांकडे तक्रार द्यावी.

संपादक महाशय, आपल्याकडे विनंती छोटी आहे. येत्या निकालाच्या दिवशी ‘मुलींची बाजी’ छापाच, पण त्याखाली तालुकावार एक चौकट द्या: दहा वर्षांपूर्वी पहिलीत दाखल झालेल्या मुली किती, आणि दहावीला बसलेल्या किती. स्थलांतरामुळे हा आकडा थोडा इकडेतिकडे होईल, तशी तळटीप टाकता येईल. पटाचे आकडे गटशिक्षणाधिकारी कार्यालयात असतात, परीक्षार्थींचे बोर्डाच्या कोल्हापूर विभागीय मंडळाकडे. माहिती अधिकारात अर्ज करायला १० रुपये लागतात आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. म्हणजे मेच्या निकालासाठी अर्ज मार्चमध्ये टाकावा लागेल. जत, आटपाडी, माण आणि जावळी या चार तालुक्यांपासून सुरुवात करावी, असं आम्हाला वाटतं.

कळावे,
आपले,
निवृत्त मुख्याध्यापक व केंद्रप्रमुख,
सांगली व सातारा जिल्हा